डमडमची लाल जमीन

मराठीत 'जमीन' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. सातबाऱ्यावर असते तीही जमीन आणि स्वयंपाकघरात पायाखाली असते तीही जमीनच. 'यंदा ओटीची जमीन केली' असे खेड्यातील गृहिणी म्हणते तेव्हा तिने कोठे शेत विकत घेतले असा समज कोणी करून घेत नाही. उखणलेली भुई तिने खणून, भिजवून, चोपण्याने ठोकून पुन्हा शेणाने सारविली, एवढाच त्याचा अर्थ. बंगालीत शेताला 'जमि' आणि घरातील जमिनीला 'मेझे' असे निरनिराळे शब्द आहेत. परंतु ज्या डमडममध्ये नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य आहे, तेथील घरांच्या इतिहासात मात्र हे दोन्ही अर्थ एकमेकांत असे गुंतले आहेत की आपला एकच शब्द तेथे अधिक समर्पक ठरावा.

प्रथम गावाच्या नावाविषयी. 'डमडम' हा 'दमदमा' या फारशी शब्दाचा अपभ्रंश, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा शब्द आपल्याला परका नाही. किल्ल्यास वेढा घालताना तोफा चढविण्यासाठी मातीचा जो उंचवटा रचीत, त्याला जुन्या मराठीतही दमदमाच म्हणत. डमडमला असा एक उंचवटा आजही आहे आणि त्यावर 'क्लाइव्ह हाऊस' नावाची एक पडकी वास्तू उभी आहे. रॉबर्ट क्लाइव्हच्या राहण्यावरून तिला हे नाव पडले. पुढे १७८३ पासून १८५३ पर्यंत बंगालच्या तोफखान्याचे मुख्य ठाणे डमडमला होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथल्या कारखान्यात निघालेल्या बंदुकीच्या गोळीमुळे गावाचे नाव जगभर, आणि फारसे भूषणावह नव्हे अशा रीतीने, पसरले. पण तोफा आणि गोळ्या यांच्यापेक्षा मला तो मातीचा उंचवटाच अधिक महत्त्वाचा वाटतो. या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले तेव्हा क्लाइव्हच्या कितीतरी खाली, इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत पोचणारे वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे ज्याला गोऱ्या लोकांची आठवण म्हणून ओळखतात ते टेकाड वस्तुतः दोन हजार वर्षे माणसे एकाच जागी राहत आल्याची खूण आहे.

माणूस एकाच जागी राहिला की जमीन वर येते. जुनी भुई फुटते, तिच्यावर नवी थापली जाते, घर पडते, त्याच मातीवर दुसरे उभे राहते. उत्खनन करणाऱ्यांना जमिनीइतका विश्वासू साक्षीदार मिळत नाही, कारण अखंड जमिनीच्या खाली सापडलेली वस्तू त्या जमिनीहून जुनी असलीच पाहिजे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या थापलेल्या जमिनी मिळाल्या आणि त्या जमिनींच्या पोटात लहान मुलांचे दफन केलेले कुंभही मिळाले. मेलेले मूल गावाबाहेर न नेता घरातच, आपण निजतो त्या जमिनीखाली ठेवावे, ही त्या लोकांची भावना वाचून माझ्या मनावर जो परिणाम झाला तो वर्णन करून सांगण्यासारखा नाही. जमीन ही केवळ चालण्याची सोय नव्हे, एवढे त्यावरून कळते.

दख्खन आणि बंगाल यांमधला भेद असा की आपल्याकडे दगड आहे आणि येथे नाही. आपला देश काळ्या पाषाणाचा. घराचे जोते दगडी चिऱ्यांचे, अंगण फरसबंदी. शिवाय भीमेच्या खोऱ्यात शहाबादच्या आसपास चुनखडकाचे थर असे अंथरलेले आहेत की पहारीने उचकटले तर सरळ सपाट फरश्याच हाती याव्यात. १८७१ साली मुंबईकडून रायचूरपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि ही शहाबादी फरशी पुणे, सोलापूर, मुंबईच्या वाड्यांत व चाळींत सहज जाऊन पोचू लागली. आपणांपैकी बहुतेकांचे बालपण तिच्या करड्या, गार पाठीवर गेलेले आहे. बंगालच्या गाळाच्या प्रदेशात मात्र मैलोगणती हिंडले तरी मुलाला मारायलासुद्धा दगड मिळायचा नाही. येथे आहे ती माती आणि पाणी. पावसाळ्यात पाणी चढणार, म्हणून घर बांधण्यापूर्वी माणूस तळे खणतो आणि त्या तळ्याची माती शेजारी रचून तिच्यावर घर उभारतो. त्या उंचवट्याला 'भिटे' म्हणतात. बंगालच्या खेड्यात घरागणिक पुकुर दिसतो त्याचे मूळ स्नान आणि मासे यांच्याइतकेच या भिट्यात आहे. बंगाली माणूस 'भिटेमाटी' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते आपल्या 'घरदार' या शब्दाने येत नाही. (१७४२ साली बर्गींच्या भीतीने कलकत्तेकरांनी जो खंदक खणला, त्याला मराठा डिच असे नाव पडले. या शहराच्या मातीकामाशी आपल्या पूर्वजांचा संबंध आला तो एवढाच, आणि तोही खणणारांच्या विरुद्ध बाजूने.)

दगड नाही म्हणून मातीच भाजली आणि तिलाच दगड केले. पक्क्या विटांच्या तुकड्यांना येथे 'खोआ' म्हणतात, विटेच्या भुकटीला 'सुरकी', आणि जळून काळसर पडलेल्या विटेला 'झामा'. चुना, सुरकी आणि खोआ ही तीन द्रव्ये मिळून जुन्या कलकत्त्याच्या जमिनी झाल्या. यातील सुरकीचे काम विशेष आहे. नुसता चुना हवेने हळूहळू घट्ट होतो आणि ओलीत कच्चा राहतो. परंतु बेताने भाजलेल्या विटेची भुकटी त्यात मिसळली की दोहोंच्या संयोगाने ओलाव्यातही तो बांधला जातो. म्हणूनच सुरकीसाठी झामा चालत नाही. फार जळलेल्या मातीत हा गुण उरत नाही. ही युक्ती एकट्या बंगालची नव्हे. खापऱ्या कुटून चुन्यात घालून केलेल्या जमिनी रोमन लोकही करीत असत, आणि जमीन कशी करावी याचा विचार विट्रुव्हियस या त्यांच्या वास्तुकाराने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात केलेला आहे. खाली भरड थर, तो चोपून घट्ट करावयाचा, वर बारीक थर, हा त्याचा क्रम बंगालच्या राजमिस्त्रीला आणि आपल्या गवंड्याला सारखाच ओळखीचा वाटेल.

चुना मात्र बाहेरून येई. पूर्वेला खासी टेकड्यांच्या पायथ्याशी चुनखडी निघते. ती सिल्हटमधून नावांत भरून नद्यानद्यांनी कलकत्त्याला येत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हटचा कलेक्टर असलेला रॉबर्ट लिंडसे याने सरकारी काम सांभाळून या चुन्याचा व्यापार केला आणि त्यावर गडगंज झाला. आज एखाद्या सरकारी नोकराने असे केले असते तर त्याच्या चौकशीच्या फाइली आम्हा कारकुनांच्या टेबलावरून किती वर्षे फिरल्या असत्या, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. १९४७ साली सिल्हटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला. ज्या चुन्यावर कलकत्त्याच्या जुन्या जमिनी घट्ट झाल्या, तो चुना असा परदेशचा ठरला.

वरच्या मजल्याची जमीन आणि गच्ची करण्याची रीत तर पाहण्यासारखी होती. कडी आणि बर्गा, म्हणजे मोठ्या तुळया आणि त्यांवरील आडवे वासे, त्यांवर चपट्या विटा, आणि त्यांवर चुना-सुरकी-खोआ यांचा जाड थर. हा थर लाकडी थाप्यांनी दिवसेंदिवस चोपावा लागे. मजूर बायका ओळीने बसून एका तालात तो चोपीत आणि तालासाठी गात. 'छाद पेटानोर गान' हा बंगाली लोकगीतांचा एक प्रकारच होऊन बसला. आपल्याकडेही गच्चीचा चुनेगच्ची कोबा असाच चोपून होई. सिमेंट आले आणि दोन्हीकडचे चोपणे संपले. तालही संपला.

आता लाल जमिनीकडे वळतो. भारतात सिमेंटचे कायमचे उत्पादन १९१४ साली पोरबंदरला सुरू झाले आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. श्रीमंतांच्या घरी तत्पूर्वीच संगमरवर आलेला होता. १८३५ साली राजेंद्र मल्लिक यांनी बांधलेल्या उत्तर कलकत्त्यातील प्रासादाला त्याच्या संगमरवरी जमिनींवरूनच 'मार्बल पॅलेस' हे नाव मिळाले. इकडे मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने 'भारत' नावाने सिमेंटच्या नक्षीदार लाद्या काढल्या, तेव्हा विलायती लादीला देशी लादीने उत्तर देणे हाही स्वदेशीचाच एक भाग होता. परंतु कारकुनाला, शिक्षकाला, लहान वकिलाला ना संगमरवर परवडे ना लादी. त्याच्यासाठी बंगालच्या मिस्त्रीने लाल मेझे घडविले.

त्याची कृती थोडक्यात अशी. माती धुम्मसाने ठोकून तिच्यावर विटा अंथरावयाच्या. त्यांवर खोआ-चुना-सुरकीचा, पुढे पुढे सिमेंटचा, तीनचार इंच थर. तो पुरता सुकण्याआधीच त्यावर सिमेंट आणि लाल रंग यांचा बारीक थर द्यावयाचा. हा रंग म्हणजे लोहाचा गंज. आपली काव आणि गेरू यांच्यातील लालीही त्याचीच, आणि कोकणात व गोव्यात ज्यांनी लाल कोबा पाहिला आहे त्यांना तो सांगावयास नको. रंगाचे प्रमाण सिमेंटच्या एकदशांशापलीकडे गेले की जमीन रंगाने खुलते आणि बळाने खचते. मग थापीने घोटणे, एकदा नव्हे, तर थर आवळत जाईल तसतसे पुनःपुन्हा. भिंतीच्या कडेने काळा पट्टा, कारण केरसुणीचा आणि ओल्या फडक्याचा डाग तेथेच पडतो. अखेर सातआठ दिवस जमीन पाण्याखाली ठेवावयाची. घाई करणाऱ्याच्या जमिनीला वर्षाच्या आत केसासारख्या भेगा पडतात. पुढे मेण किंवा तेल आणि मुख्यतः माणसांचे पाय यांनी तिला जी झळाळी येते, ती कोणत्याही यंत्राने आलेली मी पाहिलेली नाही. उन्हाळ्याच्या दुपारी शीतलपाटी टाकून तिच्यावर पडावे. कोजागरीला लक्ष्मीची पावले तिच्यावर तांदळाच्या पिठीने काढावीत. 'बोंटी' पुढे घेऊन तिच्यावर भाजी चिरावी. आपली विळी आणि रांगोळी यांनाही ती सारखीच मानवते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांचे लोंढे डमडमच्या परिसरात शिरले. पाणथळ, झुडपी, मालकाने पडीक टाकलेल्या जागांवर रातोरात खुंट्या ठोकून 'जबरदखल' वसाहती उभ्या राहिल्या. क्लाइव्ह हाऊसच्या पडक्या भिंतींच्या आसऱ्यालाही निर्वासित कुटुंबे राहिली. ज्यांचे भिटे गेले ते दमदम्यावर आले, असे म्हणावयास हरकत नाही. १९५१ साली राज्य सरकारने अशा ताब्यासंबंधी कायदा केला. १९५० अखेरपर्यंत बसलेल्या १४९ वसाहतींची यादी पुढे सरकारदरबारी प्रसिद्ध झाली, पण मालकीचे पक्के दस्त हाती पडण्यास कित्येक घरांना १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले. तोवर या घरांच्या भिंती दर्म्याच्या, म्हणजे बांबूच्या विणलेल्या तट्ट्यांच्या, छप्पर कौलांचे किंवा पत्र्याचे, आणि जमीन मातीची. गरिबी हे एक कारण खरेच. परंतु दुसरे कारण असे की तट्ट्या उचलून नेता येतात, पत्राही काढून नेता येतो. जमीन तेवढी नेता येत नाही. उद्या कोणी उठविले तर तिच्यात घातलेला पैसा तिच्यातच राहणार. म्हणून ज्या दिवशी एखाद्या घरात लाल मेझे झाले, त्या दिवशी त्या घराने आपण आता येथून हलणार नाही असे ठरविले, असे समजावे. दस्तऐवज नंतर आला. जमीन आधी झाली.

आमच्या घरमालकांच्या वृद्ध मातोश्रींना आम्ही माशीमा म्हणतो. बारिसालहून आल्या तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या माहेरचे घर याच गल्लीत होते आणि आज आम्ही ज्या तळमजल्यावर भाड्याने राहतो, त्यातील मागची खोली त्या जुन्या घराचाच राहिलेला भाग आहे. तिचे मेझे त्यांच्या वडिलांनी केले. माशीमा सांगतात, "बाबांनी दहा दिवस मेझ्यावर पाणी धरले. आम्ही सारे शेजाऱ्यांच्या व्हरांड्यात निजलो. रात्री उठून बाबा कंदील घेऊन बघून येत, पाणी आटले तर नाही ना." एवढे सांगून त्या थांबतात. बाकीचे सांगण्याची त्यांना गरज वाटत नाही.

या खोलीला आता भेग पडली आहे आणि कडेने पांढरे क्षार फुटतात. बंगाली माणूस म्हणतो 'नोना धरले', आपण म्हणतो 'लोणा लागला'. लवणापासून निघालेले दोन्ही शब्द. कारणही उघड आहे. डमडमच्या गल्ल्यांत रस्ता दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर देऊन केला जातो, त्यामुळे तो उंच होत जातो आणि तळमजले खड्ड्यात जातात. एकेकाळी चार पायऱ्या चढून जावे लागे अशा घरात आता एक पायरी उतरून जावे लागते. ज्येष्ठ-आषाढातील एका जोरदार पावसात गल्लीचे पाणी उंबऱ्याच्या आत येते. मग मालक राबिट भरून जमीन वर घेतो, दाराच्या झडपा खालून कापतो, छत तेवढे डोक्याशी येते. काही घरांत अशा तीन जमिनी एकावर एक बसलेल्या आहेत, आणि हे पाहिले म्हणजे पुरातत्त्व खात्याने टेकाडात मोजलेले थर कसे तयार झाले असतील हे कोणाच्याही ध्यानात यावे.

घरमालकांच्या मुलांचे म्हणणे, सगळीकडे लाद्या बसवून मोकळे व्हावे. मोर्बीच्या चकचकीत लाद्या स्वस्त आहेत, दोन दिवसांत काम होते. त्यांचे म्हणणे अगदी चूक आहे असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाने उकिडवे बसून जमीन पुसावी असा आग्रह धरणारा मी कोण? तथापि लादीखाली ओल मरत नाही. वर येण्यास वाट न मिळाल्याने ती भिंतीत चढते आणि लोणा कमरेइतका वर दिसू लागतो. जुन्या जमिनीवर लादी नुसती चिकटविली तर काही दिवसांनी ती पोकळ वाजू लागते. शिवाय तिच्यावर रांगोळीची भुकटी ठरत नाही, ही माझ्या पत्नीने केलेली तक्रारही येथे नोंदवून ठेवतो.

दुरुस्ती करणारा मिस्त्री शोधणे हेच आता कठीण. मुर्शिदाबाद आणि मालदा जिल्ह्यांतील राजमिस्त्री आज पुण्यामुंबईच्या इमारतींत लाद्या बसवीत आहेत. त्यांच्या आजोबांची थापी घरी खुंटीला आहे. शेवटी जो मिळाला तो साठीच्या घरातील होता. त्याने प्रथम भेग वाजवून पाहिली. वरचाच थर सुटला आहे की खालची भर बसली आहे, हे आवाजावरून ठरते. भर बसली असेल तर वरून कितीही बुजविले तरी व्यर्थ. येथे भर शाबूत होती. त्याने भेग छिनीने दोन्ही बाजूंनी तिरकी रुंद केली, धूळ झाडली, रात्रभर भिजत ठेवली. सकाळी रंगाच्या पाच निरनिराळ्या मिश्रणांच्या टिकल्या एका पाटीवर करून त्या उन्हात वाळविल्या, कारण ओला लाल आणि वाळलेला लाल यांत फार अंतर असते. दुपारी माशीमांना पाटी दाखविली. त्यांनी तिसऱ्या टिकलीवर बोट ठेवले.

पुढच्या दोन खोल्यांना लाद्या बसल्या. मागच्या खोलीतील भेग त्या तिसऱ्या रंगाने भरली गेली आणि तिच्याभोवती मातीची बारीक पाळ करून आठ दिवस पाणी धरले. ठिगळ अजून गडद दिसते. मिस्त्री म्हणाला, पायाखाली राहू द्या, दोनतीन वर्षांत मिसळून जाईल. माझी बदली बहुधा त्याच्या आत होईल. पाण्याची आठ दिवसांची पाळी मात्र माशीमांनी मुलांवर सोपविली नाही. सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन त्या स्वतःच येत.